खान्देशातल्या बायोप्सी लॅबचे कॉम्प्युटर काम: नोंदणी, रिपोर्ट आणि निदानाचे कोड

शहाद्याच्या दवाखान्यातून एक छोटी डबी धुळ्याच्या लॅबमध्ये येते. आत फॉर्मेलिनमध्ये मसुराच्या दाण्याएवढा तुकडा, बाहेर रबराने गुंडाळलेला फॉर्म: नाव, वय, 'उजव्या गालाच्या आतला व्रण, तंबाखूची सवय'. काही दिवसांनी या तुकड्याचा रिपोर्ट जाईल आणि त्यावरून ऑपरेशन ठरेल. मधल्या काळात तो तुकडा कुणाचा, शरीरातल्या कुठल्या जागेचा आणि त्यात काय निघाले, हे सॉफ्टवेअर सांभाळते. पण तुम्ही जे भराल तेच ते खरे धरून चालते. हा लेख या एका डबीच्या मागोमाग जातो. तो नव्याने रुजू झालेले टेक्निशियन, रिपोर्ट टाइप करणारे आणि पहिल्यांदाच लॅब मांडणारे पॅथॉलॉजिस्ट यांच्यासाठी आहे. सॉफ्टवेअरप्रमाणे बटणांची नावे बदलतील, कामाचा क्रम मात्र हाच राहील.

नोंदणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

डबी उघडण्याआधी फॉर्मवरचे नाव आणि डबीवरचे नाव शेजारी धरून वाचा. नाव झाकणावर नको, डबीच्या अंगावर हवे. ग्रॉसिंगच्या (तुकडा डोळ्यांनी पाहून, मोजून कापण्याच्या) टेबलावर पाच झाकणे एकत्र पडली की झाकणावरच्या नावाचा काही उपयोग उरत नाही. साध्या पेनाने लिहिलेले नाव फॉर्मेलिन गळाले की धुऊन जाते, म्हणून कलेक्शन सेंटरना पेन्सिल किंवा पक्क्या शाईचा मार्कर वापरायला सांगा. दोन्ही नावे जुळत नसतील तर नोंदणी थांबवा, पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि कोणाशी, किती वाजता बोलणे झाले ते रिमार्कमध्ये लिहा. अंदाजाने जुळवू नका. रक्त पुन्हा काढता येते, पण छोटा व्रण बायोप्सीत सगळाच निघून आला असेल तर दुसरा तुकडा मिळत नाही.

आपल्याकडे खरा गुंता नावांचा असतो. फॉर्मवर 'सुनंदा पाटील', आधारवर 'सुनंदाबाई रमेश पाटील' आणि मागच्या वर्षीच्या नोंदीत 'सुनंदा आर. पाटील', अशी एकाच बाईची तीन रूपे सापडतात. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. नंदुरबारचा रुग्ण सुरतेला दाखवून आला की वसावेचे वसावा झालेले असते. म्हणून जुनी नोंद शोधताना पूर्ण नाव टाइप करू नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे आणि गाव टाका, मग यादीतून डोळ्यांनी निवडा. नवा रुग्ण म्हणून नोंदवण्याची घाई केली तर त्याचा जुना बायोप्सी रिपोर्ट पॅथॉलॉजिस्टपुढे येतच नाही.

ओळख पटवायला नाव आणि जन्मतारीख पुरेशी आहे, असे बहुतेक सॉफ्टवेअर धरून चालतात. खेड्यातल्या वयस्क माणसांच्या कागदांवर मात्र १ जून किंवा १ जानेवारी हीच तारीख पुन्हा पुन्हा दिसते, त्यामुळे एकाच नावाची आणि एकाच जन्मतारखेची दोन माणसे निघू शकतात. मोबाईल नंबरचेही तसेच आहे: तो मुलाचा किंवा पुतण्याचा असतो आणि घरातल्या चौघांच्या नोंदीत सापडतो. वडील किंवा पतीचे नाव, गाव आणि तालुका या तीन गोष्टी सक्तीच्या करून घ्या. तालुका न लिहिता नुसते 'पिंप्री' लिहिलेत तर पिंप्री बऱ्याच आहेत.

रुग्ण समोर असेल तर 'तुम्ही सुनंदाबाई ना?' असे विचारू नका. थकलेले, घाबरलेले माणूस कशालाही हो म्हणते. 'तुमनं नाव काय शे?' असे विचारा आणि उत्तर फॉर्मशी ताडून पाहा.

यानंतर वेळा. तुकडा काढल्याची, फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची आणि लॅबमध्ये आल्याची, अशा तीन वेळांसाठी तीन वेगळे रकाने हवेत. स्तनाच्या नमुन्यात हे फार महत्त्वाचे आहे: काढल्यापासून एका तासाच्या आत तो फॉर्मेलिनमध्ये जावा आणि तिथे ६ ते ७२ तास राहावा, नाहीतर ईआर, पीआर आणि हर-टू या (स्तनाच्या कॅन्सरचे उपचार ठरवणाऱ्या) तपासण्यांचा निकाल भरवशाचा राहत नाही. अक्कलकुवा किंवा धडगावहून निघालेली डबी दुसऱ्या दिवशी पोचते तेव्हा हा हिशेब तुम्ही भरलेल्या वेळांवरूनच करावा लागतो. फॉर्मेलिन १० टक्के, न्यूट्रल बफर्ड, आणि तुकड्याच्या किमान दहापट. कमी असेल किंवा डबी गळालेली असेल, तर तसे नोंदवूनच पुढे जा.

कॉम्प्युटरची तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमानेच लावलेली आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. अमेरिकी क्रम राहून गेला असेल तर ५ जूनचा नमुना ६ मेचा होतो. १३ तारखेपासून चूक लगेच कळते, महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही.

नंबर आणि लेबल

केस नंबरमध्ये वर्ष असलेच पाहिजे आणि पुढचे आकडे शून्य भरून सारख्या लांबीचे असावेत: 'एच-२६-०४१८'. शून्ये नसतील तर यादी लावताना १० हा २ च्या आधी येतो आणि शोधणारा गोंधळतो. एका रुग्णाच्या दोन डब्या आल्या तर पार्ट ए आणि पार्ट बी, त्यांचे ब्लॉक (तुकडा मेणात बसवलेले ठोकळे) ए१, ए२, बी१. आपल्या डबीचा ब्लॉक एकच, ए१. रद्द झालेला नंबर दुसऱ्या रुग्णाला कधीही देऊ नका. तो रद्द म्हणूनच यादीत राहू द्या.

स्लाइडवरची लेबले डायरेक्ट थर्मल कागदाची घेऊ नका. या कागदावर उष्णतेने अक्षर उमटते, त्यामुळे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असताना उन्हात राहिलेले लेबल अख्खे काळवंडू शकते, आणि एरवीही अक्षर काळाने फिके होते. ओळखायची युक्ती सोपी आहे: कागदावर नख जोरात ओढा, काळी रेघ उमटली तर तो डायरेक्ट थर्मल. रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि रेझिन रिबन घ्या, ते झायलीन आणि अल्कोहोललाही टिकते. प्रिंटर नसेल तर फ्रॉस्टेड स्लाइडवर पेन्सिलने लिहा. पेनाची शाई स्टेनिंगमध्ये निघून जाते.

ग्रॉस, मायक्रो आणि टेम्प्लेटचे धोके

ग्रॉस, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसलेले वर्णन, लिहिताना तुकड्यांची संख्या, तिन्ही मापे आणि किती भाग तपासाला दिला हे लिहा: 'एक राखाडी-पांढरा तुकडा, ०.५ × ०.४ × ०.३ सेंमी, सगळा दिला, ब्लॉक ए१'. संख्या लिहायला सांगतात त्यामागे कारण आहे. ग्रॉसमध्ये एक तुकडा आणि स्लाइडवर दोन दिसले, तर दुसरा तुकडा दुसऱ्या रुग्णाचा असण्याची शंका घेता येते. संख्या लिहिलेली नसेल तर ती शंकाच येत नाही.

टेम्प्लेट (रिपोर्टचा आधीच तयार ठेवलेला मजकूर) वेळ वाचवते, आणि सर्वांत जास्त चुकाही त्यातूनच घडतात. 'कडा मोकळ्या', 'रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही' अशी वाक्ये टेम्प्लेटमध्ये आधीच भरलेली असली तर न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून छापली जाते. अशा प्रत्येक जागी तीन चांदण्या ठेवा आणि चांदण्या उरल्या असतील तर रिपोर्ट फायनल होऊ नये, अशी सोय सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या. मागच्या केसचा मजकूर कॉपी करून बदलण्याची सवय तर लावूच नका. डाव्याचे उजवे असेच होते. रिपोर्ट वाचताना बाजू तीन ठिकाणी जुळवा: फॉर्म, ग्रॉस आणि अंतिम निदान.

रिपोर्ट इंग्रजीत जातो आणि त्यात 'नो' हा दोन अक्षरी शब्द टायपिंगमध्ये गळतो किंवा त्याचे 'नाऊ' होते. 'नो मॅलिग्नन्सी' (कॅन्सर नाही) असे न लिहिता 'निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी' असे लिहिण्याचा नियम करा. मोठा शब्द सहसा निसटत नाही, आणि निसटला तर वाक्य अडखळते.

मापांच्या रकान्यात एकक छापलेले असावे. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या नमुन्यात गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये आणि तिची खोली मिलिमीटरमध्ये लिहितात. कॅन्सरची पायरी ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी नियमावलीच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे २ सेंमीपर्यंतची गाठ ५ मिमीपर्यंत खोल असेल तर पीटी१ (पीटी म्हणजे नमुन्यावरून ठरणारी गाठीची पायरी), त्याहून खोल पण १० मिमीच्या आत असेल तर पीटी२. आता ६ मिमी खोली कोणी सेंटिमीटर समजून ०.६ भरली आणि रकाना मिलिमीटरचा असला, तर पीटी२ चा पीटी१ होतो. त्याने मानेच्या गाठी (लिम्फ नोड) काढायच्या की नाही हा निर्णय फिरू शकतो. ही पायरी ऑपरेशनच्या नमुन्यासाठी आहे. आपल्या डबीतल्या तुकड्यावरून पीटी ठरवायचा नसतो.

कोड: निदानाच्या ओळीतूनच

पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पाहून लिहिले: उजव्या गालाची आतली बाजू, वेल डिफरन्शिएटेड स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा, मूळ पेशींशी बराच मिळताजुळता कॅन्सर. आता कोड द्यायचा. पहिला नियम: कोड फक्त अंतिम निदानाच्या ओळीतून घ्या. फॉर्मवर डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह लावून लिहिलेल्या शंकेचा कोड देऊ नका. तुकडा अपुरा निघाला तर आजाराचा कोडच नको. 'संशयास्पद', 'अमुकाकडे झुकते' असे शब्द असतील तर निर्णय पॅथॉलॉजिस्टवर सोडा. टेक्निशियनने कोड सुचवावा, सही करणाऱ्याने पक्का करावा.

कोडच्या चार पद्धतींशी गाठ पडेल. आयसीडी-१० ही जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी. तिची पुढची आवृत्ती आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली तरी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अजून दहावीच भेटेल. आयसीडी-ओ ही खास गाठींसाठी: त्यात एक कोड जागेचा, एक पेशींच्या रूपाचा. स्नोमेड सीटी हा त्याहून विस्तृत कोश आहे. भारत २०१४ पासून त्या संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे आपल्याकडे तो मोफत वापरता येतो. परवाना आणि फायली पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएस केंद्रामार्फत मिळतात. लॉइंक हा चौथा, पण तो आजारांचा नाही. तो तपासणीचा कोड आहे, उदाहरणार्थ हिमोग्लोबिनसाठी ७१८-७.

इथे कोड देवनागरीत छापले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ते रोमन अक्षर आणि इंग्रजी आकड्यांनीच भरायचे. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर रकाना चूक दाखवतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, मुकाट्याने रिकामा राहतो. शून्याच्या जागी 'ओ' हे अक्षर पडणे हीसुद्धा रोजचीच चूक आहे.

आपल्या डबीचे कोड असे: आयसीडी-१० मध्ये सी०६.०, म्हणजे गालाच्या आतल्या अस्तराची घातक गाठ. आयसीडी-ओमध्ये जागा सी०६.० आणि रूप ८०७०/३. तिरक्या रेघेनंतरचा आकडा नीट समजून घ्या, सगळा अर्थ त्यात आहे. शून्य म्हणजे साधी गाठ, १ म्हणजे वर्तन अनिश्चित, २ म्हणजे जागच्या जागी असलेला कॅन्सर, ३ म्हणजे घातक आणि मूळ इथलाच, ६ म्हणजे दुसरीकडून पसरलेला. त्यापुढे आणखी एक आकडा ग्रेडचा लागतो: वेल डिफरन्शिएटेडसाठी १, म्हणून ८०७०/३१. हाच बदल फक्त वरच्या थरात असता तर रूप ८०७०/२ झाले असते आणि आयसीडी-१० मध्ये सी०६.० ऐवजी डी००.०.

पुढे या रुग्णाच्या मानेच्या गाठी ऑपरेशनमध्ये आल्या आणि त्यांत कॅन्सर निघाला, तर त्या पार्टचा कोड सी७७.० आणि रूप ८०७०/६. इथे सवयीने ३ टाकला तर यादीत एका माणसाचे दोन मूळ कॅन्सर होतात.

स्तनाच्या फायब्रोअ‍ॅडेनोमाचे (साध्या गाठीचे) आयसीडी-१० मध्ये डी२४ आणि आयसीडी-ओमध्ये ९०१०/०. सॉफ्टवेअर डी२४ नंतर टिंब देऊन डाव्या-उजव्यासाठी आणखी आकडा मागत असेल, तर त्यात अमेरिकेची सीएम आवृत्ती भरलेली आहे. दोन्ही आवृत्त्या एकाच लॅबमध्ये मिसळू देऊ नका. सरकारी योजनेच्या दाव्यात लागणारा पॅकेज कोड हा आणखी वेगळा. तो उपचाराचा असतो, निदानाच्या रकान्यात भरायचा नाही.

स्नोमेडमध्ये शोधताना एकाच शब्दाच्या दहा नोंदी येतात. नोंदीच्या शेवटी तिची जात लिहिलेली असते: डिसऑर्डर, मॉर्फॉलॉजिक अ‍ॅबनॉर्मॅलिटी, बॉडी स्ट्रक्चर वगैरे. पेशींच्या रूपासाठी मॉर्फॉलॉजिक अ‍ॅबनॉर्मॅलिटी, जागेसाठी बॉडी स्ट्रक्चर. 'घराण्यात असलेला', 'संशयित' अशा नोंदीही त्याच यादीत मिसळलेल्या असतात, त्या टाळा. आणि निदानात जेवढे लिहिले तेवढेच निवडा: रिपोर्टमध्ये अक्यूट अपेंडिसायटिस असेल तर ८५१८९००१, नुसता अपेंडिसायटिस असेल तर ७४४००००८.

काही सॉफ्टवेअर मजकूर वाचून स्वतःच कोड सुचवतात. 'स्क्वेमस सेल कार्सिनोमाचा पुरावा नाही' या वाक्यातले 'नाही' सोडून ते ८०७०/३ पुढे करतात. सुचवलेला कोड न वाचता एंटर दाबणे म्हणजे कॅन्सर नसलेल्या माणसाला कॅन्सरच्या यादीत बसवणे.

यादी एक्सेलमध्ये काढताना कोडचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा. तसे न करता फाइल उघडली तर सीआरपी या रक्ततपासणीचा लॉइंक कोड १९८८-५ हा मे १९८८ होतो, ८०७०/३ ची मार्च महिन्याची तारीख होते, आणि स्नोमेडचे १५ पेक्षा जास्त आकड्यांचे ओळखक्रमांक शेवटी शून्ये लागून बिघडतात. एकदा सेव्ह झाल्यावर ते परत मिळत नाहीत.

खान्देशात दोन ठिकाणी जास्त जपावे लागते. पहिले सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार बराच आढळतो, आणि १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासण्या वाढल्या आहेत. सॉल्युबिलिटी (सिकलसेलची झटपट प्राथमिक) चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून कोड देऊ नका. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. तो फरक एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनी) कळतो. वाहक निघाला तर डी५७.३, क्रायसिस (अचानक येणारा तीव्र त्रास) नसलेला रुग्ण असेल तर डी५७.१. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि हिमोग्लोबिन फार कमी असेल तेव्हा सॉल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर एचपीएलसीही फसवते, म्हणून नोंदणीत तो प्रश्न सक्तीचा ठेवा. निकाल पक्का होईपर्यंत कोड 'प्रलंबित' राहू द्या. चुकीचा डी५७.१ एखाद्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत तिच्या मागे जातो.

दुसरा क्षय. मानेच्या गाठीत ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचा पुंजका) दिसला एवढ्यावर ए१८.२ (गाठींचा क्षय) देऊ नका, पॅथॉलॉजिस्टने क्षय असे निदान लिहायला हवे. एकदा ते लिहिले की मात्र काम वाढते: क्षय २०१२ पासून सरकारला कळवण्याचा आजार आहे आणि २०१८ च्या अधिसूचनेने लॅबवरही ती जबाबदारी आहे. रोज संध्याकाळी ए१५ ते ए१९ असा फिल्टर लावून यादी काढा आणि निक्षय या सरकारी क्षय पोर्टलवर भरा. कोड नीट दिले असतील तर हे पाच मिनिटांत होते.

फायनल, पाठवणे, दुरुस्ती

प्रत्येकाचे लॉगिन वेगळे हवे. डॉक्टरांचा पासवर्ड टायपिस्टला माहीत असेल आणि सहीचे चित्र आपोआप बसत असेल, तर न पाहिलेला रिपोर्ट सहीसह बाहेर पडू शकतो. फायनल न झालेल्या प्रतीवर 'प्राथमिक' असा आडवा शिक्का छापला जाईल असे पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी नंबर कोणाचा ते विचारा. कॅन्सरचा रिपोर्ट पुतण्याच्या फोनवर आधी आणि रुग्णाला चार दिवसांनी, असे होऊ नये. पाठवायची ती फायनलची पीडीएफ, पडद्याचा फोटो नव्हे. फोटोत दुसरे पान राहून जाते.

फायनलनंतर चूक सापडली तर जुना रिपोर्ट पुसू नका. नवी माहिती जोडायची असेल, उदाहरणार्थ विशेष स्टेनचा निकाल, तर पुरवणी. निदान किंवा ओळख बदलत असेल तर सुधारित रिपोर्ट: वर ठळकपणे तसे लिहून, काय बदलले ते एका वाक्यात सांगून. त्याच वेळी डॉक्टरांना फोन, आणि कोडही बदलला का ते पाहा. मजकूर सुधारतो आणि कोड जुनाच राहतो, ही सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट.

वीज आणि बॅकअप

सर्व्हरच्या कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. तो काम चालू ठेवण्यासाठी नाही, तर नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून. मध्येच वीज गेली तर डेटाबेस बिघडतो. छापील रजिस्टरची काही पाने आणि पुढचे २० नंबर राखून ठेवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास दुपारी वीज गेली तर त्या नंबरांवर हाताने नोंद करा आणि वीज आल्यावर तेच नंबर सॉफ्टवेअरमध्ये भरा.

रोज रात्री बॅकअप, त्याची एक प्रत लॅबबाहेर. बाहेरची डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली तर व्हायरस मूळ डेटाबरोबर तिलाही कुलूप लावतो. आणि महिन्यातून एकदा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडून मागच्या महिन्यातला कोणताही एक केस नंबर शोधा. नाव, बाजू, निदान आणि कोड या चारही गोष्टी छापील प्रतीशी ओळीने जुळवा. एक जरी जुळली नाही तर त्याच दिवशी सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा.